अर्धी सोडून जाऊ नको

मामा, तुमचं दाढीचं मशीन अजून मोरीतल्या फळीवरच आहे आणि त्यात ती पत्ती आहे. तुमच्या मते अजून जिवंत असलेली, माझ्या मते केव्हाच फेकून द्यायला हवी होती ती. रोज सकाळी मी तिथं दात घासते, तेव्हा मशीनकडे पाठ करून उभी राहते. चौथीचा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी बाई मी, आणि बोटभर लोखंडाला भिते. हसाल तर हसा.

परवा तुमचा जलदान विधी झाला. मंडपात माणसं उठून उठून तुमच्याबद्दल बोलली. कंडक्टर असताना म्हाताऱ्या माणसाला जागा करून द्यायचात, सुट्टे नाहीत म्हणून कुणाला गाडीतून उतरवलं नाहीत, वस्तीतल्या पोरींनी शाळा सोडू नये म्हणून घरोघर जाऊन भांडलात. सगळं खरं होतं. मी मागे बायकांत बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात भलतीच गोष्ट घोळत होती. ती त्या मंडपात माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होती. तो माणूस पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता, गालांवर दाढी वाढलेली. तुमचा मिलिंद, माझे हे. यांच्या त्या दाढीपायीच मी आज लिहायला बसले आहे.

सुरुवात तुमच्या हट्टापासून करते, कारण आपल्या घरात सगळ्याची सुरुवात तिथूनच व्हायची. लकव्यानं उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू बधिर झाली, तरी दाढी तुम्ही स्वतःच करणार. डाव्या हातानं केलीत आणि हनुवटीखाली कापून घेतलंत. रक्त पातळ करायची गोळी चालू होती. मी शाळेतून आले तर तुम्ही ओसरीवर टॉवेल गळ्याशी धरून बसलेले, टॉवेल लाल झालेला, आणि वर मलाच म्हणालात, "काय न्हाई झालं. पत्ती नवी व्हती म्हून." तुरटी लावली, कापूस दाबला, थांबेना. लोह्याच्या डॉक्टरांनी थांबवलं, आणि मग त्यांनी मलाच झापलं की या माणसाच्या हाती ब्लेड दिलंच कुणी. 

यांची नोकरी लातूरला. शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. पोरगी शिकायला तिकडेच. आत्या तुम्हाला सोडून गेल्याला वर्षं झालेली. म्हणजे घरात तुम्ही आणि मी. हे म्हणाले, न्हावी घरी बोलावू. तुम्ही नको म्हणालात. हे म्हणाले, बाजारातल्या सलूनात नेतो, गार हवेचं मशीन आहे, खुर्ची मागे होते. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मग लातूरहून बॅटरीवर चालणारं यंत्र आलं. ते तुम्ही उलटंपालटं करून पाहिलंत आणि परत खोक्यात ठेवलंत. "मेंढरं भादरायला चांगलं हाय," म्हणालात. तुमची पांढरी खुंटं वाढत गेली. आयुष्यभर गुळगुळीत चेहऱ्यानं ड्यूटीवर गेलेला माणूस आरशावर टॉवेल टाकून बसायला लागला. शेवटी मीच पाणी गरम करून वाटी घेऊन तुमच्या पुढ्यात आले.

सुनेनं सासऱ्याच्या चेहऱ्याला हात लावायचा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. आणि त्या दिवशी एका हातात मशीन, दुसऱ्या हातात तुमची हनुवटी, आणि पदर घसरतोय. सावरायला जावं तर मशीन डगमगतंय. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "पदर सोड. हातातलं सांभाळ." एवढ्या वर्षांची रीत चार शब्दांत मोडीत काढलीत. डोळे मात्र दर वेळी शेवटपर्यंत मिटलेले ठेवायचात. ती लाज होती की विश्वास, हे मी कधी विचारलं नाही.

मला लाजायला वेळच नव्हता, मी भीत होते. उजव्या गालाला काही कळायचं नाही, तिथं कापलं तर तुम्ही हुं की चूं करणार नव्हता, रक्त दिसेल तेव्हाच कळणार. म्हणून मी उजवी बाजू आधी करायचे, हात ताजा असेतो. गळ्यापाशी आले की कातडीखाली ती शीर उडताना दिसायची. एकदा मी सरळ सांगून टाकलं, "मामा, माझा हात भितो." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "भितो त्योच हात चांगला. जो भीत न्हाई त्याच्या हाती गळा देऊ नये." मला ते तुमचं नेहमीचं गाडीतलं बोलणं वाटलं होतं, प्रवाशाला गप्प बसवणारं.

मग तुमची शाळा सुरू झाली आणि मी बाकावर. "दाबू नको, मशीनला त्याचं वजन हाय." दाढी आंघोळीनंतरच, केस मऊ झाल्यावर. आधी गाल, हनुवटी शेवटी, कारण तिथला केस राठ, त्याच्यात साबण जरा मुरू द्यायचा. पत्तीची एकच धार वापरत राहायचं नाही, मशीन फिरवत राहायचं, दोन्ही धारा सारख्या झिजल्या पाहिजेत. आणि दाढी झाली की खरं काम सुरू. मशीन उघडायचं, पत्ती धुवायची, पुसायची नाही, फडक्यावर नुसती टिपायची, खोबरेलाचं बोट लावायचं, मग परत ठेवायची. "पत्ती केसानं मरत न्हाई. पाण्यानं मरती." हे मी इतक्यांदा ऐकलं की एकदा वर्गात गंज कसा चढतो ते शिकवताना तेच वाक्य तोंडातून गेलं, तुमच्याच आवाजात. आणि दुसऱ्या दाढीच्या आधी ग्लास. जाड बुडाचा, जुना, हॉटेलातला असतो तसला ग्लास. त्याच्या आतल्या बाजूला पत्ती बोटानं दाबून इकडून तिकडं घासायची. ते काम तुम्ही मला कधी दिलं नाहीत. ग्लास मांडीत धरून डाव्या हातानं स्वतःच करायचात, आणि त्या किर्र आवाजानं माझे दात शिवशिवायचे.

आपलं भांडण ठरलेलं. मी नवं पाकीट आणून ठेवायचे, तुम्ही त्याला बोट लावायचा नाहीत. मी म्हणायचे, जुनी पत्ती ओढते, ओढली की माझा हात दाबतो, दाबला की कापणार. तुम्ही म्हणायचात, "नवी पत्ती लई मस्तीत असती. दोन-चार दाढ्या झाल्या की शहाणी होती. सुनंसारखी."

"आणि सासऱ्यासारखी कधी होते?"

"धार जाऊन निस्ता गंज राहतो, तवा."

हसताना तुमचं तोंड डावीकडेच जायचं, आणि मी ओरडायचे, हसू नका, हातात ब्लेड आहे! आता कधी कधी वाटतं, लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत आपण एकमेकांशी जेवढं बोललो नाही, तेवढं त्या वाटीभर पाण्याच्या आजूबाजूला बोललो. मला तेव्हा तुमचा कंजूषपणा वाटायचा तो. पेन्शन येते, घर आपलं आहे, आणि एका पत्तीसाठी एवढा जीव कशाला टाकायचा?

मग एका सकाळी उजवी बाजू झाली आणि माझा फोन वाजला. शाळेतून होता. मी मशीन वाटीत ठेवलं आणि बोलत बोलत अंगणात गेले. बोलणं लांबलं. परत आले तर तुम्ही डाव्या हातानं टॉवेल ओढून अर्धं तोंड झाकून घेतलेलं आणि सगळं अंग थडथडत होतं. मला वाटलं, दुसरा झटका आला. मी किंचाळलेच. तुम्ही माझं मनगट धरलंत. त्या हातात एवढी ताकद होती हे मला माहीत नव्हतं.

"अर्धी सोडून जाऊ नको," म्हणालात. "कुठंबी जा, पण अर्धी सोडून जाऊ नको."

डावी बाजू पुरी झाल्यावर तुम्ही सांगितलंत, डोळे मिटूनच. तुम्ही लहान होता. तुमचे बा तुम्हाला उदगीरच्या बाजाराला घेऊन गेले होते. गावातला न्हावी आपल्या लोकांना हात लावत नव्हता. उदगीरात कोण ओळखतंय, म्हणून बा एका दुकानात जाऊन बसले. अंगावर कपडा पडला, साबण लागला, एक गाल झाला. तेवढ्यात गावातला कुणीतरी आत आला आणि त्यानं बांना हाक मारली. नावानं, आणि नावाच्या मागं जात लावून. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. बोलला काही नाही, शिवीही दिली नाही. नुसता बांच्या गळ्यातला कपडा सोडून घेतला.

"बा तसाच उठला," तुम्ही म्हणालात. "एक गाल फेसाचा. त्या भरल्या बाजारातून ठेसनापस्तोर चालत. म्या हात धरलेला. लोक हासून राहिले आन् बा निस्ता समोर बघून राहिला. म्या वर बघितलं न्हाई. भ्या वाटलं, बा रडत असंल तर."

स्टेशनच्या नळावर त्यांनी तोंड धुतलं आणि गाव येईपर्यंत गालावर पटका धरून ठेवला. पुढं वस्तीतल्या माणसांनी मिळून एक मशीन आणलं. पत्ती एक आणि गल्ली सगळी. ती जितकी टिकेल, तितके चेहरे. तिला धार लावायचं काम तुमच्याकडे, कारण बोटं लहान आणि ग्लासात जाणारी. शेवटच्या माणसाला ती ओढायची, रक्त काढायची, पण अर्धी कुणाची राहायची नाही. मी पडले मास्तरीण, मला राहवलं नाही. "मामा, एकाची पत्ती दुसऱ्यानं? केवढे आजार होतात त्यानं!"

"तवा आजाराचं भ्या नव्हतं," तुम्ही म्हणालात. "अर्ध्या दाढीचं व्हतं."

मी ग्लासाकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"हाटेलातला. आमच्यासाठी बाहीर येगळा ठिवलेला असायचा. आमच्यासाठीच हाय म्हणल्यावर बानं घरीच आणला." आणि हसलात, डावीकडे. मला हसता आलं नाही.

वाटी उचलायला लागले तर तुम्ही पुन्हा मनगट धरलंत, या वेळी हलकेच. "मिलिंदला सांगू नको."

"का?"

"त्यो सलूनात खुर्चीवर मान मागं टाकून झोपतो. म्या बघितलंय. घोरतो बी. ते मोडू नको."

मी हो म्हणाले. त्यानंतर मी फोन बंद करूनच बसायला लागले. माझ्या भीतीत तुमची भीती येऊन मिसळली. हात चालला तर कापेल म्हणून भ्यायचं आणि थांबला तर अर्धी राहील म्हणून भ्यायचं. पण मामा, एक सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून मला तुमच्यासमोर बसायचा मान वाटायला लागला. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाच्या हाती गाल दिला नाही, त्यानं तो माझ्या हाती दिला होता. हे तुम्हाला बोलून दाखवायला हवं होतं. तुम्ही "उगं नाटकं करू नको" म्हणाला असता, तरी.

ती शेवटची सकाळ. मी नव्या पत्तीचं पाकीट फोडूनच ठेवलं होतं.

"आजच्याला हाय ती," तुम्ही म्हणालात.

"हेच तुम्ही परवा म्हणाला होता."

"मग परवा खोटं निघालं का?"

मी रागानं साबण जास्तच फेसला. उजवा गाल झाला. उजवीकडचा गळा झाला. मशीन पाण्यात बुडवून डावीकडे वळले, आणि तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आधी वाटलं, डुलकी लागली. तुमच्या डाव्या गालाचा फेस माझ्या पदराला लागला. मग तुमचा श्वास ऐकू आला, आणि मी शेजाऱ्यांना हाका मारायला लागले.

नांदेडच्या रस्त्यानं गाडीत तुमचं डोकं मांडीवर होतं आणि मी पदरानं फेस टिपत होते. पुसत नव्हते, टिपत होते, तुम्ही शिकवलं तसं. शेजारचे लोक दवाखान्यात फोन करत होते, यांना लातूरला कळवत होते. तुम्ही जगता की नाही हा विचार येण्याच्या आधी माझ्या मनात आलं, एक बाजू राहिली. आणि तो विचार आल्याचीच मला भीती वाटली.

दवाखान्यात लोकांना तुमचे दोन्ही गाल सारखेच दिसत होते. तुम्ही दाढी एक दिवसाआड करायचात, पत्तीला विसावा म्हणून. म्हणजे फरक काय तो दोन दिवसांच्या खुंटांचा, त्यातही पांढऱ्या. कुणाला दिसणार? मला दिसत होता. भेटायला आत सोडलं की मी नळ्या आणि यंत्रं सोडून तुमच्या डाव्या गालाकडेच बघायचे. एकदा तुमचा डावा हात हळूहळू वर आला आणि गालाकडे जाऊ लागला. दाढी झाली की तुम्ही तसाच फिरवायचात, उजवा गाल, डावा गाल, हनुवटी, आणि मग निकाल द्यायचात, "हाव. झाली." तो निकाल मिळाल्याशिवाय मी वाटी उचलायची नाही. सिस्टरला वाटलं, तुम्ही नळी ओढता आहात. तिनं तो हात पट्टीनं पलंगाला बांधून टाकला.

मी म्हणाले, "सिस्टर, त्यांची अर्धी दाढी राहिलीय. मी सावकाश करते. नेहमी मीच करते."

"मावशी, पेशंटचं रक्त किती पातळ हाय म्हायती हाय का? हितं ब्लेडचं नाव बी काढू नका." तिचं काही चुकलं नव्हतं.

हे म्हणाले, "संगीता, आत्ता दाढीचं काय काढलंस?" मी गप्प बसले, कारण तुम्हाला शब्द दिला होता. बाहेर बाकड्यावर बसून मी तुम्हालाच विनवत राहिले, मामा, तेवढी बाजू होईपर्यंत थांबा. तुम्ही कुणाचं ऐकलंत कधी? थांबला नाहीत.

लोह्याला आणलं तेव्हा उन्हं कलायला लागली होती. अंगणात माणसं दाटलेली, कुणी हिमायतनगरहून, कुणी उदगीरकडून आलेलं. पुढची सगळी तयारी झालेली. मी मोरीत गेले. त्या सकाळच्या पळापळीत मशीन तसंच ओलं पडलं होतं. फेस वाळून चिकटलेला, आणि पत्तीच्या कडेला तांबूस गंज. फळीवर फोडलेलं नवं पाकीट होतं. मी ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. ज्या पत्तीनं उजवी बाजू झाली, तिनंच डावी व्हायला हवी होती. आजच्याला हाय ती, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि तो आज अजून संपला नव्हता. मी पत्ती धुतली, टिपली, आणि ग्लास मांडीत धरून पहिल्यांदा स्वतः घासली. तुमच्यासारखा आवाज येईना. घासत राहिले. मग यायला लागला.

वाटी घेऊन ओसरीवर आले तर तुमचे चुलतभाऊ किसनकाका आडवे आले. "बाईमाणसानं? मयताची दाढी? उन्हं चालली पोरी, ऱ्हाऊ दे." हेही म्हणाले, "दोन्हीकडं सारखीच दिसून राहिलीय, संगीता. माणसं खोळंबलीत. हट्ट नको." मी यांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि सांगून टाकलं. उदगीरचं दुकान, गळ्यातला कपडा, भरला बाजार, स्टेशनचा नळ. भराभर, उभ्या उभ्या. मला दुसरा रस्ता दिसला नाही. हे बाहेर आले, तुमच्या उशाशी मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी तुमचं डोकं धरलं. किसनकाका बाजूला झाले.

मामा, आता रक्त येणार नाही हे मला माहीत होतं. गळ्यावरची शीर उडत नव्हती. भिण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि मी कधी भ्याले नव्हते एवढी भ्याले होते. पण दाबलं नाही. मशीनला त्याचं वजन होतं. डावा गाल, डावीकडचा गळा, मग उजवीकडे वाढलं होतं तेही, आणि शेवटी हनुवटी. पत्तीनं एकदाही ओढलं नाही. वाद तुम्ही जिंकलात. झाल्यावर तुमचा हात उचलून गालांवरून फिरवावा असं फार वाटलं. पण हात थंड होता, भोवती माणसं होती, माझा धीर झाला नाही. तुमचा "हाव" राहून गेला.

नंतर सवयीनं पत्ती धुतली, टिपली, तेल लावलं आणि मशीनमध्ये ठेवली, पुढच्या दाढीसाठी. फळीवर ठेवल्यावर कळलं की पुढची दाढी नाही. तेव्हापासून मी पाठ करून उभी राहते.

आता खरं भ्या सांगते. त्या दिवसापासून यांनी सलूनात पाऊल टाकलेलं नाही. दुखवट्यात दाढी ठेवायची वगैरे तुम्ही मानत नव्हतात, हेही मानत नाहीत. रजा संपली, उद्या लातूरला हजर व्हायचं आहे. मघाशी मी म्हणाले, बाजारात जाऊन दाढी करून या. हे म्हणाले, "नको वाटून राहिलं." मी विचारलं, का? "खुर्चीत बसलं की मान मागं टाकावी लागते," हे म्हणाले आणि वाढलेल्या गालावर हात ठेवून बसले. मामा, तो हात मी ओळखला. तुम्ही टॉवेल धरला होता तसाच होता तो.

मोडू नको म्हणाला होतात. मी मोडलं का? बांच्या गालावरून तुमच्याकडे आलेली भीती तुम्ही जन्मभर दाबून ठेवलीत, पुढं जाऊ दिली नाहीत, आणि मी ती घाईघाईत आतल्या खोलीत यांच्या पदरात टाकली. तुमची अर्धी राहू नये म्हणून. सांगितलं नसतं तर तुम्ही तसेच गेला असता, सांगितलं तर हे असे बसले आहेत. मी काय करायला हवं होतं, यावर मला तुमच्याशी कडाकडा भांडायचं आहे, आणि तुम्ही नाही. तुमच्याशिवाय भांडण अर्धंच राहतं.

एवढं सकाळी लिहून ठेवून दिलं होतं. आता संध्याकाळ आहे, आणि मला पुढचं सांगायचं आहे.

मी लिहून उठले तर हे मोरीतून तुमचं मशीन हातात घेऊन आले. म्हणाले, "तू करतेस का माझी?"

मला करता आली असती. पण मग यांनी जन्मभर माझ्याकडेच केली असती, ओसरीवर, दार लोटून. मी मशीन यांच्या हातातून घेतलं, किती दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि फळीवर ठेवलं. "चला," मी म्हणाले. "मी येते सोबत."

"सलूनात? तू?"

"मयताची दाढी केली. सलूनात बसायला काय होतंय?"

बाजारातलं सलून. बाकावर पुरुष बसलेले, मला बघून सगळे आपापल्या मोबाइलमध्ये शिरले. हे खुर्चीत बसले. न्हाव्यानं नवी पत्ती काढली, मधोमध मोडली आणि अर्धी वस्तऱ्यात बसवली. तुम्ही असता तर तिथंच भोवळ आली असती. नवी कोरी पत्ती, तीही अर्धी, आणि तीही एका माणसापुरती! यांनी मान मागे टाकली नाही. ताठ बसले, आरशातून दाराकडे बघत. साबण लागला. एक गाल झाला. आणि दारातून कुणीतरी खणखणीत आवाजात हाक मारली, "जय भीम, मिलिंदराव! सुट्टी हाय का आणखी?"

आपल्याच वस्तीतला माणूस. वस्तरा थांबला.

मामा, मला यांच्या गळ्यातल्या कपड्याशिवाय काही दिसेना. न्हाव्याचा एक हात त्या कपड्याच्या गाठीपाशी होता. मी बाकावरून उठले होते. काय करणार होते, कोण जाणे. यांचे आरशातले डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत तुमचं ते वय होतं, बांचा हात धरलेलं.

"साहेब, जय भीम मागून घाला," न्हावी म्हणाला. "मान हलली म्हंजी कापतंय, आन् बोल मला लागतो." मग दाराकडे न बघताच म्हणाला, "जय भीम. बसा भाऊ, यांची झाली की तुमचाच नंबर." गाठ जरा सैल करून त्यानं कपडा नीट केला, आणि दुसऱ्या गालाला हात घातला.

हे हळूहळू मागे टेकले. मान खुर्चीच्या उशीवर गेली. घोरले नाहीत, एवढ्यात नाही. पण दुसरा गाल अर्धा झाला तेव्हा डोळे मिटले होते.

न्हाव्यानं कपडा झटकला, मोडकी पत्ती डब्यात टाकली. हे आरशात बघत राहिले. मग यांनी डावा हात उचलला आणि सावकाश फिरवला. उजवा गाल, डावा गाल, हनुवटी. हे डावखुरे नाहीत, मामा.

"हाव," म्हणाले. "झाली."

मग मी बाकावर बसले. तोवर मी उभीच होते.